दूध मागनं येतंय!

बापूंनी जन्मभर वाहिला तो सगळा माल मुका होता. गूळ, कांदा, सिमेंट, आणि एकदा कुणाच्या तरी लेकीचा रुखवतासकट अख्खा संसार. ताडपत्री ताणली, दोर आवळले की वाशी येईपर्यंत मालानं हूं का चूं केलं नाही. आता पन्नाशीत ते दुधाच्या टँकरवर आलेत आणि पहिल्यांदाच त्यांच्या पाठीशी स्वतःचं मत असलेला माल बसला आहे.

"हमालांची मिनतवारी न्हाई, ताडपत्री न्हाई, पावसाची काळजी न्हाई. पायप लावायचा आन् झाडाखाली पडायचं," हे त्यांनी कोल्हापूर सोडताना सांगितलेलं ट्रक सोडण्याचं कारण. किणीच्या टोलनाक्यापर्यंत मलाही ते पटलं होतं.

नाका बराच लांब होता, तेव्हाच बापूंनी वेग उतरवायला घेतला. इतक्या हलक्या पायानं, की मागची एसटी हॉर्न वाजवून वाजवून दमली. शेवटी गाडी थांबली. मी पाय सैल सोडले. आणि मग मागून कुणीतरी दणकून ढकलावं तशी गाडी पुन्हा हातभर पुढे गेली आणि मी डॅशबोर्डावरच्या गणपतीला साष्टांग पोचलो.

"बापू, थांबली होती ना गाडी?"

"गाडी थांबली. दूध मागनं येतंय."

दोष मे महिन्याचा होता. उन्हाळ्यात जनावरं आटतात, संकलन घटतं. पुढचा कप्पा काठोकाठ भरला होता, मागचा निम्माच. भरलेल्या कप्प्याला हलायला जागाच नसते, म्हणून तो गुमान बसतो. निम्म्या कप्प्यातले काही हजार लिटर मात्र ब्रेक मारला की पुढच्या भिंतीवर धडकतात, तिथून मागच्या भिंतीवर जातात, परत येतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण करणारा नक्कीच अर्ध्या टँकरवर कामाला असणार. पेट्रोलच्या टाकीत ही लाट मोडायला भोकं पाडलेले आडवे पत्रे असतात. दुधाच्या टाकीत सांदीकोपरा जितका कमी तितकं धुणं चोख, नाहीतर कालचं दूध आजच्याला नासवतं. तेव्हा पत्र्याचं काम बापूंच्या उजव्या पायाकडे.

त्यांची प्रयोगशाळा काचेपाशी आडवी ठेवलेली होती: अर्धी भरलेली पाण्याची बाटली, दोन्ही टोकांना सुतळीनं बांधलेली. बाटलीतलं पाणी जे करील ते मागे दूध करत असतं, हा सिद्धांत. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते बदनाम वळण आलं तेव्हा मी रस्ता सोडून बाटलीच बघत होतो. बापूंनी वळणाच्या बऱ्याच आधी वेग मारला, वळणात ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. तरी पाणी बाहेरच्या अंगाला चढलंच, आणि त्याच्यासोबत माझी सकाळची मिसळही.

"कांदा कधी भिताडावर चढला न्हाई," बापू हळहळले.

शिरवळला चहाला थांबलो. बापू टँकरमुळे सुधारले होते. खाटेवरून उठायचं म्हणजे आधी बसले, थांबले, मग उठले. पूर्वी ते वाक्याच्या मध्यातच शिवी द्यायचे. आता शिवीआधी चांगलं अंतर ठेवतात. "वाशीपतोर लोणी येत असंल न्हाई?" असं ढाबेवाल्यानं विचारलं, तेव्हा मात्र त्यांचा ब्रेक लागला नाही. "चार डिग्रीला भरलंय! रवी घातलीया व्हय आत?"

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडचा उतार सुरू होतो, आणि खरी परीक्षा तिथं. बापू खालच्या गिअरात, पुढे शहाणपणानं राखलेलं लांब अंतर. पण टँकरपुढे मोकळी जागा दिसली की ती आपल्यासाठीच राखीव आहे असं पुणेकराला वाटतं. एक स्कूटर घुसली, मग एक मोटार, मग मोटारीला जाब विचारायला दुसरी मोटार. प्रत्येकासाठी बापू पुन्हा मागे सरकत होते. हिशेबानं आम्ही साताऱ्याकडे चाललो होतो.

बोरघाट त्यामानानं सोपा गेला. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे जुनं शास्त्र दुधालाही मान्य आहे.

वाशीत डेअरीच्या फाटकावर रांग. बाजार समितीत कांद्याचं पोतं फोडून, दाबून, हुंगून, नाक मुरडून व्यापारी बापूंशी तासभर भांडायचे. बापूही भांडायचे आणि जेवण गोड लागायचं. इथं पांढऱ्या टोपीतलं एक पोरगं वर चढलं, सील बघितलं, दूध ढवळलं, नमुना घेऊन गेलं. फॅट, एसएनएफ, तापमान सगळं बरोबर निघालं. बापू हिरमुसले. भांडायचं कुणाशी?

रिकामी टाकी गरम पाण्यानं धुऊन होईतो फाटकावरचा वॉचमन जवळ आला. कराडकडचाच निघाला.

"मामा, जाताना रिकामंच जाताय न्हवं? भनीचं कपाट हाय एक, तेवढं कराडात उतरवा की."

ट्रकवर असते तर बापूंनी कपाटासोबत बहिणीलाही नेलं असतं. त्यांनी मान वर करून टाकीवरच्या गोल झाकणाकडे पाहिलं, मनात माप घेतलं.

"नेतो की," ते म्हणाले. "पातळ करून आण."