साईझ लहान, व्हॅल्युएशन मोठं

भोसरी ते चाकण या पट्ट्यात पैशाला तोटा नाही. फरक एवढाच, की आता तोट्यासाठी पैसा शोधणारी पिढी वयात आली आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली आणि २००९च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला पोचल्या. दर वेळी शेत गेलं आणि चेक आला. चेकाचा बंगला झाला, बंगल्यापुढे फॉर्च्युनर उभी राहिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर उरलेला पैसा बैलगाड्यांच्या घाटात धावू लागला. इतकं होऊनही काही शिल्लक राहिलं असेल, तर ते संपवायला आता घरोघरी फाउंडर जन्माला आले आहेत.

आमचा भाचा त्यातलाच. हिंजवडीची नोकरी सोडून त्यानं ऑनलाइन कपड्यांचा धंदा काढायचं ठरवलं. धंद्याला दुकान लागतं, माल लागतो, निदान एक गिऱ्हाईक लागतं, अशी आमची जुनाट समजूत. त्याला लागली ती डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइड. तिच्या पहिल्या स्लाइडवर भारताची लोकसंख्या होती. प्रत्येकाला अंग आहे आणि अंगाला कपडा लागतो, हे त्याचं मार्केट रिसर्च. "मामा, एक टक्का जरी मिळाले ना!" असं तो म्हणाला. हा एक टक्का आजवर भल्याभल्यांना भेटलेला नाही, पण प्रत्येक डेकमध्ये तो हजर असतो.

डेक घेऊन तो बाणेरला एका गुंतवणूकदारापुढे बसला. तिथं घात झाला. पहिल्याच वर्षी नफा होईल, असं त्यानं भाबडेपणानं लिहून ठेवलं होतं. गुंतवणूकदाराचा चेहरा पडला. "बेसिकली, तुमचा बर्न कुठं दिसत नाहीये. तुम्हाला ग्रो व्हायचंच नाहीये का?" मुलीकडच्यांनी पगार विचारावा आणि मुलानं अभिमानानं 'कर्ज नाही' म्हटल्यावर त्यांनी उठून जावं, तसला प्रकार.

मग त्याला शेजारच्याच शहराचं उदाहरण देण्यात आलं. लहान मुलांचे कपडे आणि खेळणी विकणारी फर्स्टक्राय २०१० साली पुण्यात सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याआधीच्या आर्थिक वर्षात सुमारे ६,४८० कोटींचा महसूल आणि ३२१ कोटींचा तोटा. तरी ४६५ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ४० टक्के वर उघडला. रतन टाटांनी २०१६ मध्ये ६६ लाख घातले होते, त्यांचं सोनं झालं. सचिन तेंडुलकरनं मात्र २०२३ मध्ये ४८७ रुपये भावानं शेअर घेतले आणि वर्षभरात तेच शेअर पब्लिकला ४६५ला मिळाले. महाराष्ट्रातला सामान्य माणूस सचिनपेक्षा स्वस्तात आत गेला, असा हा एकमेव सामना. (पुढच्या वर्षी भाव ४६५च्याही खाली गेला, तेव्हा दोघंही एकाच पॅव्हेलियनमध्ये बसले.) एवढी विक्री उभी करणं येरागबाळ्याचं काम नाही, हे कुणीही कबूल करेल. पण भाच्यानं त्या आकड्यांतून वेगळाच धडा घेतला. महसूल आणि तोटा या दोन गोष्टींपैकी निम्मं काम तरी आपल्याला नक्की जमेल, असा आत्मविश्वास घेऊन तो परत आला.

जमलंही. ऑनलाइन कपड्यांत तोटा करायला बुद्धी लागत नाही, गिऱ्हाईकच मदत करतं. माल तिरुपूरहून नाहीतर सुरतेहून येतो. कुरुळी-निघोजेच्या एखाद्या गोदामात पडतो, तिथून निघतो आणि चाकणच्या तळेगाव चौकात अडकतो. सुरत ते चाकणपेक्षा चौकाच्या या बाजूकडून त्या बाजूला जायला जास्त वेळ लागला, अशी डिलिव्हरीवाल्याची तक्रार. पार्सल अखेर घरी पोचतं, पैसे घरपोच द्यायचे म्हणून गिऱ्हाईक आंघोळीला गेलेलं असतं. दुसऱ्या खेपेला सापडलं, तर शर्ट घेतं, हळदीला घालतं, वरातीत नाचतं आणि सोमवारी परत पाठवतं. कारण: साईझ लहान. जाण्याचं भाडं आपलं, येण्याचं आपलं, धुलाई-इस्त्री आपली, आणि अडीच हजारांवरचा शिवलेला कपडा असेल तर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीचा हिशेब उलटा फिरवायचा तोही आपणच.

पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी कापडाचा बाजार उभा केला. तिथला व्यापारी गादीवर चाळीस साड्या उलगडून दाखवतो, चहा पाजतो, वहिनींचं माहेर विचारतो. पण भिंतीवर एक पाटी असते: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती पाटी हाच त्याचा संपूर्ण बिझनेस प्लॅन. चोवीस स्लाइडमध्ये भाच्याला जे सापडलं नाही, ते तिथं एका ओळीत रंगवलेलं आहे.

खरं तर कपड्यांचा नफ्यातला धंदा भोसरीत आमच्या डोळ्यांदेखत चालू आहे. एक गृहस्थ कारखान्यांसाठी कामगारांचे गणवेश शिवतात. गिऱ्हाईक ठरलेलं, माप ठरलेलं, रंग निळा नाहीतर खाकी. जाहिरात नाही, सेल नाही, गुरुवारी सुट्टी. अडचण एकच, पैसे नव्वद दिवसांनी येतात. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवलं नाही, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येणार नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तेव्हा त्यांच्या एका गिऱ्हाईक कंपनीनं लवकर पैसे देण्याऐवजी, "तुमची लघुउद्योगाची नोंदणीच रद्द करता का?" असं विचारलं. एवढं सोसून ते वर्षानुवर्षं नफा कमावतात. बँक त्यांच्याकडे घराचे कागद मागते, आणि त्यांना आजवर कुणी फाउंडर म्हटलेलं नाही.

बाणेरहून हात हलवत आलेला भाचा शेवटी आप्पांकडे गेला. आप्पा म्हणजे आमच्या ताईचे थोरले दीर. जमिनीचा मोबदला अजून थोडा शिल्लक असलेले.

"कपडे कोण शिवतं?"

"ते सुरतेला, आप्पा."

"गाड्या?"

"कुरियरच्या."

"गोडाऊन?"

"भाड्याचं."

"मग आपलं काय?"

"ब्रँड, आप्पा."

आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखंच. मी पण चार वर्षं भावी नगरसेवक आहे."

गोष्ट खरी होती. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. १२८ जागा, आणि प्रत्येक जागेला चौकाचौकात फ्लेक्सवर डझनभर भावी. एवढा काळ भावी राहायचं तर खर्च येतो. आप्पांनी हिशेब केला. महापालिका स्वतः २०२३ मध्ये रोखे काढून २०० कोटी उभे करते, तर मी पोराच्या ॲपात थोडे घालायला काय हरकत आहे? अट एकच: ॲप उघडलं की आधी आप्पांचा हात जोडलेला फोटो, मग कपडे.

आणि धंदा पळू लागला! प्रभागातल्या 'खेळ पैठणीचा'साठी साड्या, कार्यकर्त्यांना टी-शर्ट, साहेबांच्या वाढदिवसाला कडक पांढरे शर्ट. गिऱ्हाईक एक, ऑर्डर हजाराची, पैसे रोख. मुख्य म्हणजे साडीला साईझ नसते. फुकट मिळालेली साडी कुणी परत पाठवत नाही. हे आमिष नव्हे, हळदीकुंकवाचं वाण आहे, असा खुलासा आप्पांनी केला, आणि पंचांगही त्यांच्याच बाजूचं निघालं: संक्रांत १४ जानेवारीला, मतदान १५ला. डिसेंबरचा आलेख पाहून बाणेरहून आपणहून फोन आला. "रिटर्न रेट शून्य? हे जगात कुठंच नाहीये!" व्हॅल्युएशनचा जो आकडा बोलला गेला, तो ऐकून ताईनं देवापुढे साखर ठेवली.

१६ जानेवारीला निकाल लागला. आप्पा पडले. तिकीट न मिळाल्यानं अपक्ष उभे होते, तेव्हा हे अपेक्षितच होतं. व्हॅल्युएशन मात्र त्यांच्याआधी पडलं. ज्याला गुंतवणूकदार रिपीट कस्टमर समजत होता, तो पाच वर्षांनी एकदा येणारा कस्टमर निघाला, आणि आपल्याकडचा रिवाज बघता नऊ वर्षांनीही येऊ शकतो. गोदामात आता आप्पांचा चेहरा छापलेल्या टी-शर्टांचे खोके आहेत. ते कुठल्याच सेलमध्ये खपत नाहीत.

बाणेरकरांनी अर्थातच धीर दिला. धंदा बुडाला असं म्हणायचं नसतं, पिव्होट करायचं असतं. मिंत्राही २००७ मध्ये लोकांचे फोटो मगवर छापत होती, तीच कपड्यांत शिरली आणि २०१४ मध्ये फ्लिपकार्टनं विकत घेतली, असं त्यांनी सांगितलं. २०१६ मध्ये सात कोटी डॉलरला विकली गेलेली जबाँग २०२० मध्ये बंद पडली, हे सांगायचं राहिलं. नवी डेक तयार होते आहे. तिच्यात आप्पा भावी आमदार आहेत आणि मार्केट २०२९पर्यंत वाढतं आहे.

पैसा कुणाचा बुडाला, हे विचारायची गरज नाही. बाणेरहून शेवटपर्यंत फोनच आले, चेक आप्पांनीच फाडले. त्यातला बराच पैसा सुरतेला गेला, काही कुरियरला, काही ॲप बनवणाऱ्याला. भोसरीच्या त्या गणवेशवाल्यांना एकही ऑर्डर मिळाली नाही, कारण भाच्याच्या मते ते स्केलेबल नव्हते.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. ऑनलाइन मागवलेला शर्ट वरातीत नाचून झाल्यावर 'साईझ लहान' म्हणून परत पाठवायचाच असेल, तर निदान गुलाल झटकून पाठवा. तो शर्ट कुणाच्या तरी आप्पांच्या शेवटच्या गुंठ्यावर शिवलेला असतो.