मुद्दाम तसं ठेवलंय

फोटो फसला आहे हे तोंडावर न सांगता सांगायच्या बऱ्याच सोयी आमच्या ग्रुपने करून ठेवल्या आहेत. ‘विषय चांगला निवडलाय’ असं कुणी म्हणालं, की विषयापुढचं सगळं बिघडलंय असं समजावं. ‘मेहनत दिसते’ म्हटलं, की मेहनतीखेरीज काहीच दिसत नाही. आणि ‘हा ब्लॅक अँड व्हाइट करून बघा’ अशी सूचना आली, की तो फोटो रंगीत अवस्थेत तरी गेला, असं धरून चालावं.

आम्ही हौशी मंडळी. पुण्यात महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, एक दातांचे डॉक्टर, आयटीतले तिघंचौघं, आणि एक पौरोहित्य करणारे गुरुजी, ज्यांच्याकडे आमच्यातली सगळ्यात महागडी लेन्स आहे. फोटो काढून कुणी चार पैसे मिळवलेले नाहीत. एकाने मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीचे फोटो फुकट काढून दिले होते. मातृभोजनाचा फोटो हुकला, तेव्हापासून सासुरवाडीला जायचं असलं की तो कॅमेरा घरी ठेवून जातो.

कार्यक्रम साधा असतो. प्रत्येकाने पेनड्राइव्हवर आपले निवडक फोटो आणायचे, यजमानांच्या टीव्हीवर लावायचे आणि बाकीच्यांनी मतं द्यायची. यात पहिला घोटाळा टीव्हीचाच. घरातल्या कुणीतरी मॅच बघताना तो ‘व्हिव्हिड’वर ठेवलेला असतो आणि परत नीट करायचं कुणाला सुचलेलं नसतं. त्यामुळे आमच्याकडे कुठलीही भाताची खाचरं पोपटाच्या पिसासारखी हिरवीगार आणि कुठल्याही आजीबाई कुंकवात बुडवून काढल्यासारख्या लालेलाल दिसतात. मग बँकवाले काका गंभीरपणे म्हणतात, “सॅच्युरेशन जरा जास्त झालंय.” ज्याचा फोटो असतो तो म्हणतो, “टीव्ही तसा आहे.” यजमान म्हणतात, “आमचा टीव्ही चांगला आहे.” पहिली पंधरा मिनिटं अशी जातात.

नियम असा आहे, की ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. हा नियम सर्वानुमते मंजूर झाला होता आणि सर्वानुमते मोडला जातो. फोटो पडद्यावर यायच्या आधी प्रस्तावना येते. “हरिश्चंद्रगड. आम्ही नळीच्या वाटेने चढलो होतो. रात्रभर पाऊस. कोकणकड्यावर पोचलो तेव्हा पहाटेचे पाच.” एवढं ऐकल्यावर समोर काहीही आलं तरी माणूस ‘वा’ म्हणतो. समोर बहुतेक वेळा धुकं येतं. नळीच्या वाटेचे मार्क त्या धुक्याला मिळतात. खरं तर फोटोत वाट नाही, पाऊस नाही, कडाही नाही; गुडघे दुखलेत ते फोटोग्राफरचे, आणि ते त्याच्या घरी.

मतं देणाऱ्यांचे पंथ ठरलेले आहेत. सगळ्यात मोठा पंथ क्रॉपवाल्यांचा. यांना कुठलीही फ्रेम दाखवा, यांचा हात हवेत जातो आणि एक बाजू कापून खाली येतो. “इथून उडव. बघ, काय मस्त होतो!” दुसरा म्हणतो, “नाही, वरून.” दोघांचं ऐकलं तर पासपोर्ट साइझ उरतो. फ्रेंच फोटोग्राफर ऑंरी कार्तिए-ब्रेसाँचा 1932 सालचा तो पॅरिसचा फोटो घ्या: सेंट-लझार स्टेशनच्या मागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकणार एवढ्यात कॅमेऱ्याचा खटका पडलाय. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढल्यामुळे हा फोटो कडेने कापावा लागला. एरवी हा माणूस आपल्या फोटोला कुणाला कात्री लावू देत नसे. हाच फोटो नाव न सांगता आमच्या हॉलमध्ये लावला तर काय होईल, ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. “माणूस ब्लर झालाय.” “शटर वाढवायला हवा होता.” “मागे भिंतीवर ते पोस्टर आहे ना, ते डिस्टर्ब करतंय. क्लोन करून काढून टाका.” त्या पोस्टरवर उडी मारणारी नर्तकी आहे आणि पुढच्या माणसाच्या उडीशी तिची जोडी जमते, यात त्या फोटोची अर्धी गंमत आहे. ती आमच्याकडे दुसऱ्या मिनिटाला पुसली गेली असती.

दुसरा पंथ ‘रूल ऑफ थर्ड्स’वाल्यांचा. फ्रेमचे तीन सारखे भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा, असा यांचा दंडक; क्षितिज मधोमध आलं की यांच्या पोटात दुखतं. या नियमाला हे नाव जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1797 साली, ग्रामीण देखाव्यांवरच्या आपल्या पुस्तकात दिलं. आज शिल्लक असलेला कॅमेऱ्यातला सगळ्यात जुना फोटो फ्रान्समधल्या न्येप्स यांनी घेतला तो 1826-27च्या सुमाराचा. म्हणजे सूचना आधी तयार होती, फोटो तीस वर्षांनी आला. आमच्या ग्रुपमध्येही क्रम हाच आहे.

तिसरे पक्षीवाले. यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण यांचं शास्त्र पक्कं असतं. पक्ष्याच्या डोळ्यात चमक हवी, डोळा टोकदार फोकसमध्ये हवा, कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या पातळीला हवा, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं हवं. भिगवणला कुंभारगावातून होडीत बसून पहाटे रोहित बघायला गेलेला आमचा एक सभासद परत आला तो हरखून. उजनीच्या पाण्यावर कोवळं ऊन आणि त्यात गुलाबी पंखांची रांग. फोटो लागला. शांतता. मग पक्षीवाल्यांपैकी एकाने विचारलं, “शटर किती होता?” “एक हजार.” “हं. पंख हललाय. दोन हजार हवा होता.” झालं. सकाळ, पाणी, ऊन, होडीभाडं, सगळं त्या ‘हं’मध्ये बुडालं.

पण या सगळ्यांहून मला भीती वाटते ती ‘पुढच्या वेळी’ म्हणणाऱ्यांची. कासच्या पठारावर टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. फुलली, डॉक्टर तिकडे गेले, ऊनपाऊस सांभाळून ओल्या कातळावर पालथे पडले आणि खरोखर बरा फोटो घेऊन आले. त्यावर आमच्यातला एक सज्जन, आवाजात शक्य तेवढा मायाळूपणा आणून, म्हणाला, “छान आहे. पुढच्या वेळी फक्त थोडं डावीकडून घ्या.” डॉक्टर एकसष्टीला आलेले आहेत. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनातली आकडेमोड आम्हाला सगळ्यांना ऐकू आली. जेजुरीच्या सोमवतीच्या फोटोला मी ‘भंडारा अजून थोडा उडायला हवा होता’ हेही मत ऐकलेलं आहे. कुणाला सांगायला हवा होता, खंडोबाला?

स्तुतीचं प्रकरण वेगळं. ती लग्नातल्या आहेरासारखी चालते: कुणाकडून किती आला याची मनातल्या वहीत नोंद असते आणि तेवढाच परत करायचा असतो. मी तुमच्या बगळ्याला ‘अफलातून’ म्हटलं, तर तुम्ही माझ्या सूर्यास्ताला नुसतं ‘बरा’ म्हणून सुटू शकत नाही. ‘अफलातून’ला ‘अफलातून’च, फार तर ‘क्या बात है’. या व्यवहारात फोटोकडे बघावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. एक वाक्य मात्र स्तुतीच्या वेषात येतं आणि जिव्हारी लागतं: “वा! कॅमेरा कुठला?” गुरुजींना हा प्रश्न फार येतो. परवा ते शांतपणे म्हणाले, “मंत्र चांगला म्हटला की कुणी विचारत नाही हो, घसा कुठला.”

आता ऐकून घेणाऱ्यांकडे वळू, कारण तीही कला आहे आणि आम्ही तिच्यात पारंगत आहोत. आमच्याकडे कुठल्याही दोषावर एकच उत्तर आहे: मुद्दाम तसं ठेवलंय. क्षितिज तिरकं? मुद्दाम. आकाश पांढरंफटक जळलंय? मुद्दाम, हाय-की आहे. नवरदेवाचं डोकं अर्धं कापलंय? मुद्दाम, बघणाऱ्याच्या कल्पनेला वाव. सेन्सरवरचा धुळीचा डाग सलग तीन फोटोंत त्याच जागी आला, तेव्हा तो पक्षी आहे असं सांगणारे महाभाग आमच्यात आहेत. पक्षीवाल्यांनी त्याची जात विचारली.

हे सगळं आजकालचं आहे असं मात्र समजू नका. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली, पहिली रेल्वे ठाण्याला जाऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित हौशी फोटोग्राफर. धंदा वैद्यकीचा, नाद कॅमेऱ्याचा. तेव्हा निगेटिव्ह जेवढी तेवढाच प्रिंट निघायचा. म्हणजे ‘जरा क्रॉप करा’ असं कुणी म्हणालंच असेल, तर त्याने खिशातून खरी कात्री काढली असणार. आमच्या दंतवैद्यांनी हे ऐकलं तेव्हा डॉक्टर लोकांची परंपरा जुनी आहे म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

घरची मतं मी शक्यतो मागत नाही, पण ती मागावी लागतच नाहीत. माझी बायको लॅपटॉपच्या मागून जाता जाता थबकते आणि विचारते, “हा मागच्या महिन्यातलाच ना?” मी सांगतो, की नाही, तो राजमाची होता, हा तोरणा आहे. ती पुन्हा नीट बघते आणि म्हणते, “अच्छा,” आणि कुकर बंद करायला जाते. एवढी नेमकी समीक्षा आमच्या ग्रुपमध्ये कुणाला जमलेली नाही. असं परक्या डोळ्याने बघता यावं म्हणून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फोटो काढत हिंडलेला गॅरी विनोग्रँड आपले रोल मुद्दाम वर्षभर, कधी त्याहून जास्त, धुवायलाच घेत नसे. काढतानाचा आनंद विसरला, की फोटो नीट बघता येतो, असा त्याचा हिशेब. तो 1984 साली गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. आम्ही गाडी पार्क करायच्या आधी फोटो ग्रुपवर टाकलेला असतो.

एकदा मात्र आमच्या बैठकीत वेगळं घडलं. सासवडचे एक शिक्षक नवीनच यायला लागले होते. त्यांनी पेनड्राइव्ह आणला नव्हता, प्रिंट आणली होती, बारा बाय अठराची, मॅट कागदावर, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांनी ती सोफ्यावर टेकवून ठेवली आणि नियम पाळून खरोखरच गप्प बसले. दिवे घाट, माउलींच्या पालखीचा दिवस. कमरेपासून वर दिसणारी एक वारकरी बाई, डोक्यावर तुळशीवृंदावन, कपाळावर बुक्का, मागे घाटाच्या वळणावर माणसांची रांग. आणि डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेरून आत आलेला, कोपरापर्यंतचा एक हात. हिरव्या बांगड्या भरलेला. त्या हातात रबरी चपलांचा जोड.

काकांनी पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले. ते प्रिंटवर सरकवून क्रॉप दाखवायची जुनी पद्धत आहे आणि काका ते काटकोन कायम जवळ बाळगतात. त्यांनी हात झाकला. “बघा. आता फोटो झाला.” क्रॉपवाले एकजुटीने “अगदी!” म्हणाले. थर्ड्सवाल्यांनाही वृंदावन बरोबर जागी आल्याचं समाधान वाटलं. ठराव मंजूर होणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरची कॉलेजची मुलगी, जिच्याकडे कॅमेराच नाही, मोबाइलवर काढते, म्हणाली, “काका, एक मिनिट काढा ना तो पुठ्ठा. त्या चपला या बाईच्याच असतील ना? म्हणजे ही घाट अनवाणी चढतेय आणि कुणीतरी हिच्या चपला हातात धरून बरोबर चालतंय. मी मघापासून तेच बघतेय.”

काकांनी पुठ्ठा काढला. सगळे सोफ्याजवळ सरकले. बाईचे पाय फोटोत नव्हतेच, पण आता ते सगळ्यांना दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, “चपला त्या हातवालीच्या स्वतःच्याही असू शकतात.” गुरुजी म्हणाले, “असू देत की.” पोहे गार झाले. शेवटी काकांनी नियम मोडून शिक्षकांनाच विचारलं, “सर, हा हात मुद्दाम ठेवलाय का तुम्ही?”

“नाही हो,” सर म्हणाले. “मला तो आत्ता दिसला.”

त्या मुलीने काप म्हटलं नाही, ठेव म्हटलं नाही, शटर विचारला नाही. तिला काय दिसलं तेवढंच सांगितलं. मतं देणाऱ्यांनी एवढं केलं तरी माझ्या मते पुष्कळ आहे. बाकी डावं-उजवं ज्याचं त्याला कळतं. काकांना अर्थातच हे मान्य नाही. त्या हातावरून ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले आहेत आणि मतं सारखी-सारखी पडत असल्यामुळे निकाल लागत नाहीये. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला हौस असेल तर पुढच्या बैठकीला जरूर या. पोहे यजमानांकडून असतात. येताना स्वतःचा एक फोटो आणा, मात्र प्रिंट करून आणा. टीव्ही अजून दुरुस्त केलेला नाही.