श्रीमान जावक क्रमांक यांस

प्रति,
मा. श्री. जावक क्रमांक,
टपाल शाखा, सर्व कार्यालये.

विषय : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बालकांसाठी आपण घडवून आणलेल्या विभागीय समन्वयाबद्दल अभिनंदन.
संदर्भ : आपले पत्र, आपले स्मरणपत्र आणि आपले दुसरे स्मरणपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपला सत्कार करायचा राहूनच गेला होता. पोर दगावलं की आजवर चौकशी झाली ती माणसांची. सेविकेला नोटीस गेली, डॉक्टरांकडून खुलासा मागवला, आणि आईला तर ज्यानं त्यानं विचारलं, "बाई, आधी का नाही आणलंस?" आपल्याला मात्र कुणी हटकलं नाही. कागदाच्या माथ्यावर निळ्या शाईत बसलेले असता, म्हणून नजरेतून सुटत असाल.

आपली करामत काय वर्णावी! एका खात्याला दुसऱ्या खात्याकडून काही करून हवं असतं. पत्र तयार होतं, साहेबांची सही होते, लिपिक आपल्याला त्यावर चढवतो आणि त्या क्षणी काम झालेलं असतं. मूल आहे तिथंच आहे, वजन आहे तेवढंच आहे, पण आमच्याकडची कार्यवाही संपली. पुढं कुणी विचारलंच तर नोंदवही उघडून पानावर बोट ठेवायचं : आम्ही कळवलंय.

तसं आपलं घराणं जुनं, पण मुलांच्या बाबतीत आपल्याला खरं कुरण मिळालं ते 2 ऑक्टोबर 1975 ला. त्या दिवशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यात सहा सेवा. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषणाविषयीचं शिक्षण अंगणवाडीनं द्यायचं. लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा आरोग्य खात्याच्या मदतीनं व्हायच्या. म्हणजे योजना जन्मालाच आली ती दोन घरच्या पाहुण्यासारखी. पुढं 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं शंभराहून जास्त मुलं गेली. जव्हार तेव्हा आमच्या ठाणे जिल्ह्यातच होतं. सरकार हललं. 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली गाभा समिती आली. आरोग्य, महिला व बालविकास, आदिवासी विकास, पुरवठा, रोजगार हमी, सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं. कल्पना चांगली होती, खरंच चांगली होती. आपल्याला घाम फुटला असेल. पण बैठकीला इतिवृत्त लागतं, इतिवृत्त सगळ्यांना पाठवावं लागतं आणि पाठवायला आपण लागता. टेबल त्यांचं, खुर्ची आपली.

तेव्हापासून या मातीवर योजनांची कधी वाण पडली नाही. शाळा-अंगणवाडीतली मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून देशभर सुरू झाला. पालघरही तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम-जनमन आलं, त्यात 11 कामं आणि 9 मंत्रालयं. नऊ! आपल्या घरी त्या दिवशी गोडधोड झालं असणार.

आता अंड्याकडे येतो. अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना आहे, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची. 2015 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांच्या चौरस जेवणापासून ती सुरू झाली आणि पुढं सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडं किंवा केळी मिळू लागली. शहापूर तालुका सगळाच अनुसूचित, मुरबाडची काही गावं त्या यादीत. योजना मला मनापासून आवडते. फक्त त्या अंड्याचा प्रवास पाहा. पैसा आदिवासी विकास विभागाचा, राबवायचं महिला व बालविकासानं, गावात आहार समितीच्या खात्यावर यायचं, बाजारातून आणायचं, शिजवायचं आणि सोलायचं सेविका-मदतनीसांनी. निधी वेळेवर आला तर उत्तम. अडकला तर आदिवासी विकास म्हणतं, आम्ही वर्ग केला. बालविकास म्हणतं, आम्ही मागणी केली. आणि दोघांकडेही पुराव्यादाखल आपण असता. दुकानदाराकडे आपण नसता. त्याच्याकडे असते सेविकेच्या नावची उधारीची वही. कोंबडी एवढ्या खात्यांतून गेली असती तर तिनं अंडं घालायचंच सोडलं असतं.

पण आपलं खरं वैभव पाहायचं तर दिवाळीनंतर पाहावं. डोळखांब, टोकावडे या भागांतल्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलतात आणि भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीमालकाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला हिवाळा आणि उन्हाळा जातो. समजा, अशाच एका वाडीवर दोन वर्षांची एक पोर आहे. सेविकेनं तिच्या दंडाला पट्टी लावली, मोजमाप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं. म्हणजे तीव्र कुपोषित. सेविकेनं मोबाइलवर नोंद केली, मुख्य सेविकेला सांगितलं, प्रकल्प कार्यालयाला कळलं, तिथून आरोग्याला पत्र. आपण पहिल्यांदा अवतरलात. डॉक्टरांनी तपासून पोषण पुनर्वसन केंद्रात 14 दिवस ठेवायला सांगितलं. आईला बुडीत मजुरी मिळते हे खरं, पण बुडीत मजुरीतून मालकाची उचल फिटत नाही आणि घरी आणखी दोन पोरं आहेत. ट्रक उद्या पहाटे निघणार. ती ट्रकमध्ये चढली.

आणि इथून पुढं तर सगळीकडे आपणच आपण. वाडीच्या अंगणवाडीत पोरीपुढं 'स्थलांतरित' असं लागलं; इथली यादी स्वच्छ झाली, कुपोषितांचा आकडा एकानं खाली आला. भट्टी ज्या गावच्या शिवारात, तिथल्या सेविकेकडे नाव नाही, कारण पोर तिच्या गावची नाही. ग्रामपंचायत म्हणते, भट्टी खासगी. कामगार खातं म्हणतं, दोन वर्षांची पोर कामगार नव्हे. शिक्षण खातं म्हणतं, सहा वर्षांची झाली की शाळाबाह्य म्हणून शोधू. प्रत्येक जण आपल्या नोंदवहीप्रमाणे शंभर टक्के बरोबर. महोदय, एवढी माणसं एकाच वेळी बरोबर असताना पोरीचं वजन घटतं, हे साधं काम नाही. त्यासाठी आपल्यासारखाच कसबी लागतो.

नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या होत्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. मूल शाळेकडे येत नाही तर शाळा भोंग्याकडे नेली. त्या कल्पनेचं कौतुक पुष्कळ झालं. भोंग्याच्या दारात अंगणवाडी, सुई आणि वजनकाटा एकाच वेळी नेऊन ठेवावा, हे मात्र सरकारी यंत्रणेला अजून अंगवळणी पडलेलं नाही.

"पण यंत्रणांना एकत्र काम जमतच नाही हो," असं आपण विनयानं म्हणाल. खोटं. त्याचा पुरावा शहापुरातूनच जातो, काँक्रीटचा आहे. समृद्धी महामार्गासाठी महसूल, वन, वीज, पोलीस, मोजणी आणि रस्ते विकास महामंडळ एका दोरीत ओवले गेले, आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. 701 किलोमीटर! त्याआधीचं पाहायचं तर तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, भातसाचंही जातंय. नळ कोरडा पडला तर कोण जबाबदार, हे मुंबईला ठाऊक असतं. तिथं कुणी जावक नोंदवही दाखवून सुटत नाही. धरणाखालच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर कधी येईल, हे विचारलं की मात्र लगेच आपलं आगमन होतं.

एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. आपल्या पाठीमागे काही बायका आपल्याशिवायच समन्वय करू लागल्या आहेत. सेविका, आशाताई, उपकेंद्रातली सिस्टर. याच सेविकांनी 2021 मध्ये धड न चालणारे सरकारी मोबाइल परत करून आंदोलन केलं होतं. मानधन तुटपुंजं आहे म्हणून 2023 च्या डिसेंबरात राज्यभर संपावरही गेल्या. यांना जावक क्रमांक घालायचा अधिकार नाही. म्हणून त्या फोन करतात. "ताई, आमच्या वाडीवरची दोन पोरं तुमच्याकडच्या भट्टीवर आलीत. धाकटीची गोवराची लस राहिलीय आणि वजन लई कमी आहे. जरा बघून या ना." समोरची बाई जाऊन बघून येते. ना संदर्भ, ना विषय, ना प्रत माहितीस्तव. आपल्या कारकिर्दीला एवढा मोठा धोका आजवर आला नसेल. वेळीच बंदोबस्त करावा, नाहीतर या फोनचा खर्च कुणी मंजूर करेल आणि भट्टीवरच्या पोरांची जबाबदारी दोन्ही गावांच्या सेविकांच्या नावे रीतसर लिहूनही टाकेल.

माझी मागणी किरकोळ आहे. नोंदवहीत आपल्या शेजारी एक रकाना आखू द्यावा. त्यात लिपिकानं काही लिहायचं नाही. ज्या मुलाबद्दल पत्र गेलं त्याला पुढच्या पंधरा दिवसांत कुणी, कुठं पाहिलं आणि वजन किती किलो भरलं, हे पाहणाऱ्यानं सहीनिशी लिहायचं. रकाना कोरा असेल तोवर आपल्याला 'प्रलंबित' म्हणायचं. आपल्या मानमरातबाला धक्का लागेल, याची कल्पना आहे.

हे पत्र टपालानं पाठवता आलं नाही. खिडकीवर लिपिकानं विचारलं, कुठल्या कार्यालयाकडून आलंय, जावक क्रमांक काय? तो नसल्यानं आवक करून घेता येत नाही म्हणाला. तरी आपणच कृपया एखादा क्रमांक घालून पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नागरिक

प्रत माहितीस्तव : मा. श्री. आवक क्रमांक, आपले सख्खे बंधू.