बाजाराची नाडी पाच धड्यांत : घोरावाडी फलाट आवृत्ती

साहित्य : चार्ज केलेला मोबाइल, लोणावळा–पुणे लोकलचा पास आणि आपल्याला बाजार कळतो असं समजणारा एक मेव्हणा. मेव्हणा नसल्यास शेजारी चालेल.

धडा १. पाटी वाचणे. सव्वानऊला बाजार उघडला की एनएसईच्या साइटवर निफ्टीची ऑप्शन चेन उघडावी. मधोमध स्ट्राइक, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. एवढे आकडे पाहून धस्स होईल, होऊ द्यावं. चेहरा मात्र "हं, वाटलंच होतं" असा ठेवावा. इथे निम्मं शिक्षण संपतं.

धडा २. ओपन इंटरेस्ट. म्हणजे अजून न मिटलेले, उभे सौदे. पुट ही बाजार पडला तर कामाला येणारी छत्री; कॉल याच्या उलट, बाजार चढला तर कामाला येणारा. फलाटावर शंभर छत्र्या मोजून नवशिका वहीत लिहितो, "शंभर जण घाबरलेत." पण या छत्र्या भाड्याच्या आहेत. प्रत्येक छत्रीमागे भाडं खिशात घालणारा एक जण आहे, आणि पाऊस आलाच तर भरपाई त्याच्या माथी. म्हणजे शंभर घाबरलेले, शंभर निर्धास्त. यातलं शहाणं कोण, याचा रकाना चेनमध्ये नाही. भाडेकरूपेक्षा मालक हुशार, असं धरून चालायची रीत आहे. म्हणून पुटचा ढीग दिसला की "सपोर्ट" म्हणावं, कॉलचा दिसला की "रेझिस्टन्स".

धडा ३. पीसीआर. पुटच्या ओपन इंटरेस्टला कॉलच्या ओपन इंटरेस्टनं भागावं. समजा १.३ आलं. मंदीवाला म्हणेल, लोक घाबरलेत. तेजीवाला म्हणेल, पुट विकणारे बिनघोर आहेत, बाजार पडत नाही. तिसरा म्हणेल, फारच बिनघोर झालेत, आता पडणार. तिन्ही अर्थ पाठ करावेत. आपण आधीच कॉल घेऊन बसलो असू, तर दुसरा आपोआप पटतो.

धडा ४. इंडिया व्हीआयएक्स. हे छत्रीचं भाडं. वादळाची धास्ती किती ते यातून कळतं, वारा कुठून येणार ते नाही. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या आनंदात ३ जून २०२४ ला निफ्टी सव्वातीन टक्के चढला, ४ जूनला निकालाच्या दिवशी ५.९३ टक्के आपटला, ५ जूनला पुन्हा ३.३६ टक्के वर आला. त्या दिवशी व्हीआयएक्स जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरला. अशा वेळी महागात घेतलेल्या ऑप्शनचा प्रीमियम, दिशा बरोबर ओळखूनही, विरघळू शकतो.

धडा ५. कोण बोलतंय ते पाहणे. आकडा खरा असला तरी तो आपल्यासाठी मांडलेला असू शकतो. एक्सपायरीच्या दिवशी निर्देशांक हलवल्याच्या आरोपावरून ३ जुलै २०२५ ला सेबीनं जेन स्ट्रीट या परदेशी कंपनीच्या ४,८४३ कोटी रुपयांवर टाच आणली. आणि सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या शंभर वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जणांनी पैसे घालवले. आपण उरलेल्या सातांत आहोत, हे त्या ९३ जणांनाही माहीत होतं.

गृहपाठ. महिनाभर रोज सकाळी भाकीत लिहावं, सौदा करू नये. संध्याकाळी शेजारी निकाल लिहावा, खाडाखोड न करता.

घोरावाडीत एक खूण पक्की आहे : लोणावळ्याकडून आलेल्या लोकलचं टप ओलं असेल, तर वर पाऊस झाला. झाला, इथे होईल असं नव्हे. ऑप्शन चेनही तेवढंच सांगते : पैसा आत्ता कुठे उभा आहे. तो उद्या कुठे उतरणार, हे त्या पैशालाही ठाऊक नसतं.

मेव्हण्याला यातलं काही सांगू नये. त्यानं छत्री कालच भाड्यानं दिली आहे.