ट्रायल बॉल

सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पैसे शिल्लक राहतील असं भाकीत कुणी केलं असतं, तर त्याला आम्ही वेड्यात काढलं असतं. पण तसं झालं खरं. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि वाचक म्हणून सुमारे १.८ कोटी लोक. माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात. त्यातले वाचतात किती, हा प्रश्न असभ्य असल्याने सोडून देऊ. मुद्दा असा, की ज्या नियतकालिकांसाठी आमचं विद्यापीठ दरवर्षी पदर पसरायचं, ती आता आपसूक संगणकावर येतात आणि अंदाजपत्रकात ‘ई-संसाधने’ या शीर्षाखाली रक्कम तशीच बसून राहते. ३१ मार्चपर्यंत ती खर्चली नाही, तर पुढच्या वर्षी तेवढी मागायला तोंड राहत नाही.

अशा रकमेचा वास ज्यांना लांबून येतो, त्यांना विक्री प्रतिनिधी म्हणतात. सरकारच्या तीस प्रकाशकांच्या यादीत ज्यांचा नंबर लागला नाही, त्या सगळ्यांचे प्रतिनिधी सध्या ग्रंथपाल मॅडमच्या केबिनबाहेर बसलेले असतात. त्यांचं पहिलं वाक्य पाठ झालंय आता. “मॅडम, डेटाबेस घेऊ नका. नुसती ट्रायल घ्या. एक महिना फ्री.”

ही ट्रायल दिवाळीच्या सुट्टीत असते. कटकारस्थान वगैरे काही नाही. प्रतिनिधी सप्टेंबरात येतो, फाईल कुलसचिवांकडे जाते, संगणक केंद्र आयपी ॲड्रेसची यादी देतं, परिपत्रक निघतं, आणि पाहतो तर वसुबारस. डेटाबेस फक्त विद्यापीठाच्या आवारातल्या नेटवर उघडतो. आवारात त्या दिवसांत दोन सुरक्षारक्षक आणि परीक्षा विभागातली उत्तरपत्रिकांची पोती असतात. संशोधक विद्यार्थी गावी. त्यांना घरून लॉगिन मिळेल का, असं मी ग्रंथालय समितीत विचारलं होतं. ‘ती सोय सशुल्क आवृत्तीत आहे,’ असं कळलं.

तरीही महिनाअखेर वापराचा तक्ता आला आणि त्यातला आलेख वर जाणारा होता. याचं श्रेय ग्रंथालयातल्या एका सहायकाला आहे. या आकडेवारीसाठी ‘काउंटर’ नावाचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नुसता सारांश उघडला तर एक नोंद, पूर्ण लेख उतरवला तर दुसरी. शिवाय एकाच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत दोनदा टिचकी मारली, तर ती एकच धरायची. हे वाचल्यावर सहायकाने भिंतीवरच्या घड्याळाखाली बैठक मांडली आणि दर एकतीस सेकंदांनी एक टिचकी, अशा शिस्तीने सुट्टी सार्थकी लावली. सागरी जीवशास्त्रातल्या एका शेवाळावरच्या लेखाला आमच्या विद्यापीठात जो वाचकवर्ग लाभला, तो लेखकाला त्याच्या घरीही लाभला नसेल. आमच्याकडे सागरी जीवशास्त्र हा विभाग नाही. समुद्रही नाही.

सुट्टी संपल्यावर प्रशिक्षण सत्र झालं. उपस्थिती सक्तीची, समोसा ऐच्छिक. प्रतिनिधीने पडद्यावर आकडा दाखवला, अठरा हजार नियतकालिकं. मागच्या बाकावरच्या एका आगाऊ मुलाने विचारलं, की यातली फुकट वाचता येणारी किती आणि सरकारने आधीच घेतलेली किती? आणखी कितींचे गेल्या वर्षभराचे अंक बंद कुलपात आहेत? (एम्बार्गो म्हणतात त्याला. ताजं सोडून सगळं ताजं.) प्रतिनिधी म्हणाला, “छान प्रश्न आहे.” मग समोसे आले.

सगळ्या ट्रायलमध्ये खरंखुरं शोधायला बसलेली अशी मला एकच मुलगी आढळली. तिचा विषय सत्यशोधकी पत्रकारिता. तिने इंग्रजी अक्षरांत ‘दीनबंधु’ टाकलं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेलं, पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलेलं पत्र तिला हवं होतं. डेटाबेसने दीनबंधु मित्र दिले, ‘नीलदर्पण’वाले, बंगालचे. त्यानंतर गांधीजींचे स्नेही सी. एफ. अँड्र्यूज, कारण लोक त्यांनाही दीनबंधु म्हणत. माणसं दोन्ही थोर, याबद्दल वाद नाही. देवनागरीत टाकल्यावर पानावर शून्य आलं आणि त्याखाली सूचना, ‘शब्दलेखन तपासून पाहा.’ भालेकरांचं शब्दलेखन तपासून ती पोर शेवटी शोधगंगेवर गेली. तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध फुकट आहेत. तिथे निदान कुणी मराठी माणसाने याआधी डोकं फोडल्याच्या खुणा सापडतात.

तिने हे सगळं अभिप्राय फॉर्मवर लिहायचं ठरवलं, पण लिहायला जागा नव्हती. फॉर्मवर तीनच चौकोन आहेत: उत्कृष्ट, उत्तम, चांगले. नको म्हणणारेही असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ साली एल्सव्हियर या प्रकाशकाशी बोलणी फिसकटल्यावर वर्गणी बंद केली, दोन वर्षं त्याच्याविना काढली आणि २०२१ मध्ये आपले लेख सगळ्यांना खुले करण्याची अट घालून नवा करार केला. त्यांच्या फॉर्मवर चौथा चौकोन असणार.

जानेवारीत समिती बसली. गल्लीत क्रिकेट खेळताना ट्रायल बॉलवर दांडी उडाली तर धरत नाहीत, धावा काढल्या तर त्याही धरत नाहीत. आमच्याकडे धावा धरतात. आलेख पाहून सदस्यांनी माना डोलावल्या. भूगोलाच्या सरांनी ‘नॅकच्या मूल्यांकनात दाखवायला बरं’ असं म्हटलं आणि त्यानंतर कुणी काही बोललं नाही, कारण या वाक्यानंतर बोलण्याची पद्धत नाही. निविदा काढायची का, असा प्रश्न निघताच प्रतिनिधीने आणलेलं प्रमाणपत्र फाईलमध्ये होतंच: हे उत्पादन जगात फक्त आम्हीच बनवतो. खरंच आहे. शेजारच्या कंपनीचं उत्पादनही जगात फक्त तीच कंपनी बनवते. अशा एकमेवांची आमच्याकडे आता रांग लागली आहे.

ठराव एकमताने झाला. मी विरोध नोंदवला असता, पण एकमत झाल्याचं मला इतिवृत्तातूनच कळलं.

परवा तोच प्रतिनिधी पुन्हा आला होता. आता त्यांच्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर काढलंय. ग्रंथालयाने घेतलेल्या डेटाबेसांपैकी कोणते कुणीच वापरत नाही, हे ते रंगीत आलेखात दाखवतं. किंमत जरा जास्त आहे, पण घेऊ नका म्हणाला. १५ मेपासून महिनाभर फ्री.