पूर्वाभिमुख, वाहनाभिमुख

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सहावी बैठक गेल्या रविवारी गच्चीवर भरली. बिल्डरने पाठवलेल्या तरुण आर्किटेक्टने टाकीच्या भिंतीवर चादर लावून नवी इमारत दाखवली. पहिला प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा.

"दारं कुठल्या दिशेला?"

"सगळी पूर्वेला नाहीतर उत्तरेला, काकू."

गच्चीभर समाधान पसरलं. मी विचारलं, "आणि इमारतीचं तोंड रस्त्याकडे आहे का?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला कॉलेजातही कुणी विचारला नसावा. "रस्त्याकडे पार्किंग आहे, सर. खाली स्टिल्ट, वर दोन पोडियम, आणि मग फ्लॅट."

म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी जाळीआडच्या मोटारींचं दर्शन. माणसं चौथ्या थरापासून पुढे, तीही मान वर केली तर.

पोराचा दोष नाही. 2020 साली राज्याने बांधकामाची जी एकत्रित नियमावली आणली, जिला सगळे 'युडीसीपीआर' म्हणतात, तिच्यात पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकामाच्या हिशेबात, धरत नाहीत. त्याच जागी वाण्याचं दुकान काढा, दवाखाना काढा, लगेच चौरस मीटर मोजायला सुरुवात. गाडी फुकट राहते, माणसाला जागेचा हिशेब द्यावा लागतो. मग बिल्डरने रस्त्यालगत कुणाला बसवावं?

समोर किती अंतर सोडायचं हे नियमात चोख आहे. त्या अंतरातून रस्त्याशी काही बोलायचं की नाही, ते नाही. एक अपवाद मात्र मला सापडला. कंपाउंडची भिंत दीड मीटरपर्यंत. वरचे 90 सेंटीमीटर आरपार दिसेल असे ठेवलेत, तर 2.4 मीटरपर्यंत. कुणा हळव्या अधिकाऱ्याने घराला रस्ता दिसावा म्हणून ही फट राखली असावी. आमच्या शेजारच्या सोसायटीने तिथे आधी जाळी लावली, नकाशा पास करून घेतला, आणि दुसऱ्या आठवड्यात जाळीला हिरवा पत्रा ठोकला.

पूर्वीचे वाडे फार मोकळे होते असंही नाही. त्यांचं सगळं लक्ष आतल्या चौकाकडे, रस्त्याला फक्त दिंडीदरवाजा. पण दरवाजाबाहेर ओटा असे, आणि ओट्यावर कुणीही टेकू शकत असे. ओट्याला आज नियमावलीत एकच नाव मिळेल : अतिक्रमण.

नियम करून रस्त्याचं भलं होतच नाही, अशी समजूत असेल त्याने हुतात्मा चौकातून सीएसएमटीकडे चालत जावं. दादाभाई नौरोजी रस्ता, जुना हॉर्नबी रोड. 1896 च्या नियमाने तिथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग पडवीसारखा रस्ता ठेवणं भाग पडलं. वर काय हवं ते करा. त्यांनी केलंही : कुणी गॉथिक उभारलं, कुणी ग्रीक-रोमन खांब लावले, कुणी घुमट चढवले. एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही, पाय मात्र सगळ्यांचे एका ओळीत. आजही जुलैच्या धो-धो पावसात माणूस त्या कमानींखालून पेनं, मोबाइलची कव्हरं आणि पट्टे बघत कोरडा चालत जातो. आपल्या नव्या इमारतीखालीही पावसात कोरडं राहता येतं, फक्त त्यासाठी चार चाकं लागतात.

आमच्या गल्लीत आणखी एक गंमत आहे. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही. म्हणून आता रस्ता रुंद करायचा. म्हणजे प्रत्येकाने पुढची पट्टी सोडायची, त्या बदल्यात इमारत उंच करायची, उंच इमारतीत गाड्या जास्त, आणि त्या गाड्या सोडलेल्या पट्टीवर उभ्या राहणार. रुंदी कागदावर आली की पुरे. माणसं चालायला पूर्वीसारखीच दोन गाड्यांच्या मधून.

हे सगळं मी बोललो. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचा मुद्दा मिनिट्समध्ये घेतो." आमच्याकडे मुद्द्यांचा दफनविधी असाच होतो.

तेवढ्यात काकूंनी पुन्हा हात वर केला. "मी रिक्षातून उतरले, हातात भाजीची पिशवी आहे. लिफ्टपर्यंत जाऊ कशी?"

पोराने नकाशा मोठा केला. गेट, रॅम्प, वळण, गाड्यांची रांग, मागे लिफ्ट. त्याने बोट फिरवलं, परत फिरवलं.

"रॅम्पच्या कडेने पिवळा पट्टा मारून देऊ, काकू."

काकूंनी चादरीकडे नीट पाहिलं. "आणि ही वॉचमनची खोली? तिचं दार दक्षिणेला दिसतंय."

गच्चीवर एकदम कालवा झाला. बैठक आणखी पाऊण तास चालली, आणि दार फिरवून पूर्वेला घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.