सहकुटुंब सहपरिवार पळून जाणे

परभणी जिल्ह्यात लग्न लहान करायचं म्हटलं की पाव्हण्यांच्या मनात पहिली शंका मुलीच्या तब्येतीबद्दल येते, दुसरी मुलाच्या नोकरीबद्दल आणि तिसरी बापावरच्या कर्जाबद्दल. सगळं सुरळीत असताना माणूस हजारभर पत्रिका छापत नाही, हे इथं कोणाच्या गळी उतरत नाही. ज्या मुलखात चूलबंद आवतण देतात, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटताच कामा नये असं बजावून जातात, तिथं 'आम्ही पंधरा माणसांत उरकतोय' हे वाक्य भांडण काढायलाच बोलतात, असा समज आहे.

तरी समजा, मुलगा सेलूचा आहे, मुलगी गंगाखेडची आणि दोघंही पुण्यात नोकरीला. दोघांनी मोबाइलवर परदेशातली छायाचित्रं पाहिली आहेत. डोंगराचा कडा, भन्नाट वारा, दोन माणसं आणि फार तर एक कुत्रा. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात जोडप्याला पुरोहित लागत नाही आणि साक्षीदारही लागत नाहीत. परवान्यावर दोघांनी आपापल्या सह्या केल्या की लग्न लागलं. हे वाचून दोघांनी ठरवलं की आपणही शरद ऋतूत, डोंगरावर, गाजावाजा न करता लग्न करायचं. आईवडिलांना तेवढं न्यायचं. मग मुलीने मामाचं नाव घेतलं.

मामा शिरला तिथंच पळून जाण्याचा बेत संपला आणि लग्न सुरू झालं.

यात मामाचा दोष नाही. आपल्याकडे एकेका विधीला एकेक नातेवाईक बांधून ठेवलेला आहे. नवरीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि तो सख्खा नसला तर चुलत-मावस मिळून चारजण उभे राहतात, कारण कान पिळल्यावर मिळणाऱ्या पाकिटाला वारस पुष्कळ असतात. कऱ्हा धरायला करवली हवी. हळद लावायला पाच सवाष्णी हव्यात. सवाष्ण आली की तिचा नवरा आला, त्याच्याशिवाय ती सवाष्ण कशी? एवढ्यात मुलीची आई म्हणते, "माझं राहू दे, पण तुझ्या आत्याला कामून वगळायलीस?" आत्या धरली की तिकडे सेलूत मोठे दाजी आठवतात. लग्नात दाजींना फेटा बांधला नाही तर पुढची दहा वर्षं ते प्रत्येक कार्यात बिनफेट्याने येऊन ती आठवण करून देणार. दोन माणसांची यादी संध्याकाळपर्यंत बासष्टवर जाते, आणि त्यात अजून आचारी धरलेला नसतो.

आता डोंगर. परभणी जिल्ह्याची ख्याती डोंगरांसाठी नाही. बराचसा मुलूख गोदावरी आणि पूर्णेच्या काळ्या, सपाट जमिनीचा. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट टेकतो, तेवढाच चढ. खरी उंची पाहिजे तर खुलताबादजवळचं म्हैसमाळ आहे, माहूरगड आहे. पण लांबचं ठिकाण धरलं की ट्रॅव्हल्सची बस ठरवावी लागते आणि बसमध्ये रिकामी सीट पाहून कोणाही थोरल्या माणसाचा जीव कळवळतो. माहूरला तर रेणुकेचं दर्शन आयतंच घडतं. लग्नाला नको म्हणणारेही तिथं यायला तयार होतात.

म्हणून जिंतूर बरं. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. तिथली लेणी जैनांचं मोठं श्रद्धास्थान. गुहेत शिरताना भल्याभल्यांना वाकावं लागतं, आतल्या मूर्ती मात्र भव्य. अशा ठिकाणी फोटोग्राफरच्या इशाऱ्यावर गिरक्या घेणं शोभत नाही. शहाणं जोडपं दर्शन घेऊन खाली उतरतं आणि लग्नासाठी कुठला तरी मोकळा माळ शोधतं. पुढे येलदरी धरणाचं पाणी आहे. पाऊसकाळ चांगला झाला असेल तर पाठीमागे ते पसरलेलं दिसतं आणि फोटोत कोकण वाटतं. पलीकडे हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ ला तो परभणीतून वेगळा निघाला, पण सोयरीक काही वेगळी झाली नाही. तिकडची अर्धी यादी अजून यायचीच आहे.

परदेशी छायाचित्रांत शरदातली झाडं लालभडक होतात. जिंतूरच्या माळावर शरदात कुसळं होतात. कमरेएवढं वाळलेलं गवत, आणि त्याच्या प्रत्येक टोकाला सुईसारखं काळपट बी. ते कापडात शिरतं ते पुढेच सरकतं, उलटं ओढलं तर मोडतं. पैठणी नेसलेल्या मावश्या मुहूर्ताच्या वेळी एका दगडावर ओळीने बसून एकमेकींच्या पदरातली कुसळं काढताहेत, नवरी उभ्या उभ्या शालूचे काठ झटकते आहे आणि नवरदेवाच्या मोज्यात गेलेलं कुसळ त्याला सातही पावलं जाणवतं आहे, हे दृश्य कुठल्याही वेडिंग प्लॅनरच्या माहितीपत्रकात नसतं. धुपाचा धूर जवळच्या आग्या मोहोळाकडे गेला तर लग्न कोलोराडोपेक्षाही कमी वेळात उरकतं.

ऋतूचीही अडचण साधी नाही. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. त्यातला मोठा भाग चातुर्मासात जातो. आषाढीला झोपलेला देव कार्तिकीला उठतो. तोवर काढीव मुहूर्तावर काम भागवावं लागतं, आणि 'चातुर्मासात एवढी काय घाई' म्हणत लोक पुन्हा मुलीच्या तब्येतीवर येतात. देवापेक्षा अवघड सोयाबीन. आश्विनात सोयाबीनची काढणी, मळणीयंत्राची वाट बघणं, लगोलग कापसाची वेचणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी. मुलीच्या चुलत्याला विचारून पाहावं की तुम्ही डोंगरावर येता का. तो म्हणेल, "येतो की. थ्रेशर कव्हा येणार ते तेवढं त्याला इचारून सांगा."

उरतो तो तुळशीच्या लग्नानंतरचा कार्तिक. द्वादशीपासून अमावास्येपर्यंत जेमतेम अठरा दिवस मिळतात, ज्यात शरदही असतो आणि मुहूर्तही. आणि लहान लग्न दिसतं कसं, हे पाहायला दूर जायलाच नको. तुळशीचं लग्न घरोघर लागतंच: उसाचा मांडव, चिंचा-आवळे, अंगणातच नवरी, देव्हाऱ्यातून उचलून आणलेला नवरदेव, शेजारची पोरं हीच वऱ्हाडी, मंगलाष्टका पूर्ण आणि खर्च चुरमुऱ्यांचा. दरवर्षी हे हौसेने लावणारी माणसंच पोटच्या मुलीच्या लग्नाला डीजे ठरवतात.

गुपचूप लग्नाची खरी गंमत कायद्यात आहे. नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असलं पाहिजे. ती नोटीस कार्यालयात ठळक जागी लावतात, आणि हरकत घ्यायला लोकांना तीस दिवस मिळतात. म्हणजे ज्यांना कोणाला कळू द्यायचं नाही, त्यांचं नाव, वय, पत्ता सरकार महिनाभर भिंतीवर लावून ठेवतं. कोणी म्हणेल, मग पुण्यातच नोटीस देऊ. तीही सोय कायद्याने पाहून ठेवली आहे. कलम ६ म्हणतं, वर किंवा वधू कायमची दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे धाडावी आणि त्यानेही ती आपल्या कार्यालयात लावावी. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण संसदेने एवढी मनावर घेतली असेल असं वाटलं नव्हतं.

दिलासा एवढाच की हरकतीची कारणं मोजकी आहेत: वय कमी असणं, आधीचं लग्न कायम असणं, जवळचं निषिद्ध नातं, संमती देण्याजोगी मनःस्थिती नसणं. 'आम्हाला पत्रिका आली नाही' ही हरकत कायद्यात बसत नाही. आणखी एक सोय कलम १२ मध्ये आहे. जादा फी भरली तर कार्यालयापासून वाजवी अंतरावर, पक्षकारांच्या पसंतीच्या जागी लग्न लावता येतं. जिंतूरचा माळ वाजवी अंतरावर आहे की नाही, हे साहेबांवर आणि थोडंफार रस्त्यावर अवलंबून. साक्षीदार मात्र तीनच लागतात. हा आकडा यादीतल्या बासष्टजणांना वाचून दाखवू नये. उरलेले एकोणसाठ आपलं काय चुकलं ते विचारत बसतील.

काही जोडपी म्हणतात, डोंगरावर फक्त फोटो काढू, कागद नंतर करू. हिंदू विवाह कायद्याखाली असं करू पाहणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. तेव्हा जी काय सात पावलं टाकायची ती कुसळातून का होईना टाकावीत.

पळून जाण्याला घरच्यांची साथ असणं हे तसं नवीन नाही. इंग्लंडात १७५४ पासून लहान वयाच्या लग्नाला आईबापांची परवानगी सक्तीची झाली, तेव्हा जोडपी सरहद्द ओलांडून स्कॉटलंडातल्या ग्रेटना ग्रीनला पळायची आणि तिथला लोहार ऐरणीपाशी त्यांचं लग्न लावायचा. त्यांचे आईबाप मागून घोडागाडीने पाठलाग करत. आपल्याकडचे आईबाप पुढच्या जीपमध्ये असतात आणि पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून त्यांच्यात लागलेली असते. आपला आदर्श रुक्मिणी. एकनाथांनी १५७१ मध्ये 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केलं. लग्न जमावं म्हणून मुलींकडून त्याचं पारायण करून घेण्याची रीत आजही आहे. भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून मुलगी स्वतः पत्र धाडते आणि अंबिकेच्या देवळातून रथात बसून निघून जाते, ही कथा आईबापच तिच्या हातात देतात आणि पुढे ती कोणाच्या बुलेटवर बसली की कपाळाला हात लावतात. त्या कथेतही कृष्णाच्या मागोमाग बलराम सैन्य घेऊन आलाच होता. वऱ्हाड कुठंच चुकत नाही.

आणि लहान लग्न मराठवाड्याला येत नाही असंही म्हणायचं कारण नाही. 'यादी पे शादी' इथं सगळ्यांना ठाऊक आहे. देण्याघेण्याची यादी करायला दोन्हीकडची माणसं बसतात, चहा होतो, आणि कोणीतरी म्हातारा टोपी सारखी करत म्हणतो, "आता जमलोच हाओत, तर उरकून का टाकत नाहीत?" दुष्काळी सालात अशी कितीतरी लग्नं लागली. साखरपुड्याच्याच साडीत नवरी उभी राहते, भटजींना मोटारसायकलवरून आणतात आणि दुपारच्या जेवणाला वरण-भात, बुंदी व वांग्याची भाजी होते. एप्रिल २०२१ मध्ये तर सरकारनेच हुकूम काढला: एकच हॉल, दोन तास, २५ माणसं, मोडलं तर ५०,००० रुपये दंड. तेव्हा दाजी बिनफेट्याचे राहिले आणि कोणी हूं की चूं केलं नाही. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचं लग्न १२ जून १९४६ ला रत्नागिरीत नोंदणीने झालं, खर्च आठ आण्यांच्या फॉर्मचा, तोही नवरीने केलेला. त्यांच्यावरही कोणी रुसलं नसेल असं नाही.

दुष्काळ चालतो, करोना चालतो, कलेक्टरसाहेबांची ऑर्डर तर फारच चालते. 'आम्हाला असंच आवडतं' एवढंच कारण चालत नाही. त्यामुळे सेलू-गंगाखेडच्या जोडप्याने यादीशी झटापट न करता आधी कागद करावा हे बरं. दसऱ्याच्या मागेपुढे नोटीस दिली तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तीस दिवस भरतात. नोटीस तीन महिने चालते, म्हणजे थ्रेशर उशिरा आलं तरी बिघडत नाही. माळ वनखात्याचा असेल तर परवानगी काढावी. नऊवारीखाली बूट घालावेत, कोणाला दिसत नाहीत.

आणि कामानिमित्त विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाणाऱ्या परभणीकरांना एक विनंती. बोर्डावर ओळखीचं नाव दिसलं तर जरूर वाचावं, बरं वाटलं तर वाटू द्यावं, पण फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकू नये. टाकलाच, तर खाली जेवणाची वेळ तरी लिहू नये.